दोन तुमची, दोन आमची

ती दार उघडून बाहेर आली, तर जिन्याच्या वळणावर एक अनोळखी माणूस गुडघे टेकून बसला होता आणि तिच्या बोक्याच्या पाठीवर रंगांच्या पट्ट्या धरून पाहत होता.

रंगाच्या दुकानात मिळतं तसलं शेड कार्ड होतं ते, पंख्यासारखं उघडणारं. एक पट्टी लावायची, मान तिरकी करायची, ती मिटायची, पुढची लावायची. बोक्याचं नाव फौजदार. नावाला जागून तो एरवी कुणाला अंगाला हात लावू देत नसे. आज मात्र शिंप्याकडे माप द्यायला आल्यासारखा डोळे अर्धे मिटून पसरला होता.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

त्या माणसाने वर न बघताच एक बोट उंच केलं, एक मिनिट थांबा म्हणून. मग आणखी एक पट्टी उलटली आणि समाधानाने म्हणाला, "जुळला."

"काय जुळलं?"

आता कुठे त्याने वर पाहिलं. तिशी ओलांडलेला, नखांच्या कडांना निळा रंग, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू हरवलेली किल्ली सापडली. "रंग. हा तुमचाच ना?"

"माझ्या वडिलांचा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे... आता माझाच."

वडील जाऊन चार महिने झाले होते. त्यांचं घर बंद ठेवायचं की विकायचं हे ठरेना, आणि बोक्याला तर कुणीतरी खायला घालायला हवंच होतं, म्हणून आपली भाड्याची खोली सोडून ती इथे राहायला आली. पण राहत होती ती वेटिंग रूममध्ये राहावं तशी. सकाळी लवकर बाहेर पडायची, संध्याकाळी उशिरा परतायची. घरात एका जागी तिचं बूड म्हणून टेकत नव्हतं. ही खोली, ती खोली, खिडकी, पुन्हा ही खोली. शेजाऱ्यांना ती ओळखत होती ती फक्त पायांच्या आवाजावरून.

"मी वरच्या मजल्यावरचा," तो म्हणाला. "मावशीकडे राहतो."

"दोन-दोन पायऱ्या गाळून उतरता, ते तुम्ही का?"

तो ओशाळला. "आवाज येतो?"

"मला येतो. कानाचंच काम आहे माझं."

कान तपासायच्या दवाखान्यात ती कामाला होती. लोकांना बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि कोणता ऐकू आला, कोणता नाही, त्याचा आलेख काढायचा. आणि हा रंगाच्या दुकानात होता. गिऱ्हाईक भिंतीचा एखादा टवका आणून देई, आणि हा चार डब्यांतले थेंब मिसळून हुबेहूब तोच रंग काढून देई. बारा वर्षांत डोळा चुकला नाही, असं त्याने दोनदा सांगितलं.

"तर मुद्दा असा," तो उठून गुडघे झटकत म्हणाला, "मावशीच्या मांजरीला पंधरा दिवसांपूर्वी चार पिल्लं झाली. त्यातले दोन बोके अगदी याच रंगाचे. अभिनंदन. तुमचा फौजदार बाप झालाय."

"नारिंगी बोके शहरात हजार असतील."

"असतील. पण हा नुसता नारिंगी नाही. यात मातीची छटा आहे, आणि चिमूटभर काळा. हा रंग मला कुणी करायला सांगितला, तर मीच तीनदा चुकेन."

तिला हसू आलं. आणि आपल्याला हसू आलं, याचं तिला थोडं आश्चर्य वाटलं.

त्याने हिशेब आधीच ठरवून आणला होता. दोन पिल्लं तुमची, दोन आमची. आईचं दूध सुटेपर्यंत चारही वर राहतील. मग आपापल्या दोघांना सांभाळायचं, नाहीतर चांगलं घर शोधून द्यायचं. मांजरीचं ऑपरेशन आम्ही करू, पण ती पाजतेय तोवर ते जमणार नाही. बोक्याचं तुम्ही लगेच करून घ्या, म्हणजे पुन्हा हा प्रसंग नको.

तिने काहीही वाद घातला नाही, याचं त्याला नवल वाटलं. पण हा सगळा वाद तिचा आधीच घालून झालेला होता. वडिलांशी, फोनवर, दर रविवारी. बाबा, बोक्याचं ऑपरेशन करून घ्या, शेजारपाजारच्या मांजरींना ताप. आणि वडील म्हणायचे, माझ्या बोक्याला हात लावायचा नाही. आज त्याच्या मुळावर उठलीस, उद्या माझे दात काढायला सांगशील. शेवटपर्यंत त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे व्हायचं तेच झालं होतं, आणि निस्तरायची पाळी आता तिच्यावर आली होती.

"पिल्लं बघायला येताय?" त्याने विचारलं.

कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या टॉवेलवर, मांजर आडवी झाली होती. काळा, पांढरा, नारिंगी, असे तीन रंग तिच्या अंगावर तुकडे जोडल्यासारखे, म्हणून नाव गोधडी. पोटाशी चार जीव लोंबत होते. मावशी खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढता-उतरता येत नसे, त्याची सगळी भरपाई त्या बोलण्यात करत.

"या विहीणबाई," मावशी म्हणाल्या. "आमच्या पोरीला फसवलंत. ना विचारणं, ना सांगणं, आणि एकदम चार नातवंडं."

"आमच्या मुलाला वळण नाही, हे खरं," ती म्हणाली.

"बघ, पटकन कबूल तरी करते. चांगल्या घरची दिसते."

"ती विहीणबाई झाली, तर मग मी कोण?" रंगवाल्याने विचारलं.

"तू व्याही."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पिल्लांकडे. "हे जरा कठीण जाणार," तो म्हणाला. कुणाला, ते मात्र सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाऱ्याचे होते. सगळ्या इमारतीत दारं आपटत, गच्चीवरचे कपडे भलत्याच गॅलरीत जाऊन पडत. ती संध्याकाळी घरी आली की अर्ध्या तासात जिन्यावर पाय वाजत. हल्ली तो पायऱ्या गाळत नसे, निदान तिच्या मजल्यापर्यंत तरी. तुमच्या मोठ्याने आज डोळे नीट उघडले, तुमचा धाकटा खणातून बाहेर पडला, असं काहीबाही सांगायला यायचा आणि दारातच उभा राहायचा. आत या म्हटलं, तर हात रंगाचे आहेत म्हणायचा. मग दारातच तासभर.

एकदा मात्र तो आत आला, आणि वडिलांच्या खुर्चीमागच्या भिंतीसमोर थांबला. डोकं टेकून टेकून तिथे बशीएवढा तेलकट डाग पडला होता.

"हे नका विचारू," ती म्हणाली. "रंगवायचं नाहीये मला ते."

"बरं," तो म्हणाला. डागाकडे बराच वेळ बघत राहिला, तसाच, मान तिरकी करून. "मग उरलेली भिंत त्या डागाच्या रंगाची करू?"

तिने स्वयंपाकघरात जाऊन उगीच एक पातेलं धुतलं. धुतलेलंच होतं ते.

पुढच्याच शनिवारी ती फौजदाराला टोपलीत घालून मांजरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बोक्याला टेबलावर घेतलं, शेपूट वर केली, खाली सोडली.

"याचं काय करायचं म्हणालात?"

"ऑपरेशन."

"दुसऱ्यांदा?"

तिला कळेना. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "याचं आधीच झालंय. तुम्ही कधी शेपूट उचलून बघितलं नाहीत वाटतं?"

नव्हतं बघितलं. त्याची शेपूट मफलरसारखी केसाळ, आणि ती वर करून बघण्याइतकी सलगी फौजदार कुणाला करूच देत नसे. डॉक्टरीणबाई कपाटाकडे गेल्या, कार्डांची एक पेटी चाळली आणि एक पिवळं कार्ड तिच्यासमोर ठेवलं. तारीख तीन वर्षांपूर्वीची. अक्षर वडिलांचं, एकेक अक्षर सुटं, कुणी वाचताना अडखळू नये अशा काळजीने काढलेलं. 'ऑपरेशन करून घेण्याचं कारण' असं छापलं होतं, आणि त्यापुढे त्यांनी लिहिलं होतं: मुलगी ऐकत नाही.

तिने ते कार्ड पुन्हा वाचलं. तारखेनंतरचे रविवार आठवले. तीन वर्षं. त्यानंतरही तीन वर्षं ते फोनवर भांडत राहिले होते, हात लावू देणार नाही म्हणून. तिचं ऐकलं होतं त्यांनी. फक्त तिला सांगितलं नव्हतं.

"मग पिल्लं..." ती कशीबशी म्हणाली. "रंग तर याचाच आहे."

"आई कशी आहे? तीन रंगांची? मग नारिंगी बोके तिचेच. मुलग्यांना हा रंग आई देते, बाप काळा असो नाहीतर हिरवा." डॉक्टरीणबाईंनी कार्ड परत पेटीत सारलं. "खरा बाप बाहेर मोकळा आहे, हे लक्षात ठेवा. मांजरीला घरात कोंडून ठेवायला सांगा. पाजणारी मांजर पुन्हा गाभण राहत नाही, असं लोकांना उगीच वाटतं. राहते. आणि मग बाराच्या भावात जाते ती."

रस्ताभर तिने वाक्य तयार केलं. फौजदार निर्दोष सुटला. असं म्हणायचं, थट्टेत, म्हणजे त्याला आपल्या डोळ्याबद्दल वाईट वाटणार नाही. शेड जुळली, पण खटला पडला. असंही म्हणता येईल.

तो जिन्यात बसला होता. दुकानातून लवकर निघून आला होता. दोन्ही नारिंगी पिल्लं त्याच्या मांडीवर, एक झोपलेलं, एक शर्टाचं बटण चावणारं. टोपली पाहून तो झटकन उठला आणि इतक्या हळू आवाजात बोलला, की जणू आजाऱ्याच्या उशाशीच उभा आहे.

"झालं?"

या चार महिन्यांत कामावरून येताना आपली कुणी वाट बघत असेल, असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. आणि आत्ता 'तो बाप नाही' एवढं म्हटलं, की दोन तुमची दोन आमची संपणार. पिल्लं वर जाणार, दार लागणार, आणि खाली ती खोली, ही खोली, खिडकी.

"हो," ती म्हणाली. "झालं."

बोलून बसली आणि तिथून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

कारण रंगवाल्याने ऑपरेशन फारच मनावर घेतलं. दहा दिवस तो फौजदारासाठी उकडलेला मासा आणत राहिला. त्याच्यासमोर बसून, पुरुषाने पुरुषाची काढावी तशी समजूत काढत राहिला. कधी नव्हे ती एवढी सरबराई होतेय, हे बघून फौजदारही सोफ्यावर निपचित पडून राहायला शिकला. आणि वर, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीचं दार उघडं राहू लागलं. कडी सरकल्याचा बारीक आवाज तिला खालपर्यंत येई. तिने एकदा सुचवून पाहिलं, की गोधडीला आतच ठेवा, बाहेर बाकीचे बोके असतीलच. तो हसला. म्हणाला, "गोधडी दुसऱ्या कुणाकडे ढुंकून बघत नाही. रंग जुळला होता ना? आता नवरा निवृत्त झालाय, मग घाबरायचं कशाला? चार पोरांचं करून दमते बिचारी, घटकाभर वारं तरी लागू दे."

खरा बाप कोण, हे तिला लवकरच कळलं. पाण्याच्या टाकीवर एक काळा बोका बसलेला असे, कान फाटका, नजर बेरकी. तिने डॉक्टरीणबाईंकडून मांजर पकडायचा पिंजरा मागून आणला. याचा परस्पर बंदोबस्त केला, की आपोआपच सगळं निस्तरेल, सांगायची वेळच येणार नाही. सकाळी कामावर जाण्याआधी ती चोरासारखी गच्चीवर जायची आणि पिंजऱ्यात मासा ठेवायची. रंगवाल्याने फौजदारासाठी आणलेलाच. पहिल्या दिवशी पिंजऱ्यात फौजदार सापडला, मिशा चाटत. दुसऱ्या दिवशी मासा नव्हता आणि बोकाही नव्हता. तिसऱ्या दिवशी टाकीवरून काळ्या तिच्याकडे असा बघत राहिला, की आपणच पिंजऱ्यात आहोत असं तिला वाटलं.

आणि एका पहाटे टाकीच्या बाजूने तो आवाज आला. मांजरांचा तो ओरडा चुकणं शक्य नव्हतं, तिच्यासारखीला तर नाहीच. ती पायांत चप्पलही न घालता वर धावली. गोधडी टाकीखाली लोळत अंग चाटत होती. कठड्यावरून काळ्या पलीकडे उतरला, सावकाश, काम संपवून घरी जावं तसा.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, "तुमचा आवाज आज बसलाय, काय झालं?" ती म्हणाली, "वाऱ्यामुळे." तो म्हणाला, "मग बोलू नका, मी बोलतो," आणि खरंच तासभर बोलत राहिला. पांढऱ्याचे एकवीस प्रकार असतात, आणि लोक त्यांतला नेमका चुकीचा निवडतात. तिने ऐकलं. त्याच्या आवाजात दुकानातल्या धुळीची थोडी खरखर होती. ती खरखर तिला आता लांबून ओळखू येऊ लागली होती.

पिल्लं दोन महिन्यांची झाली. ठरल्याप्रमाणे दोन नारिंगी बोके तिच्याकडे खाली आले. वरच्या दोघांना तिच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवालीने नेलं. रंगवाल्याने पुढचा शनिवार ठरवला, गोधडीच्या ऑपरेशनचा. "तुमच्याच डॉक्टरांकडे नेऊ," तो म्हणाला. "फौजदाराचं इतकं सफाईने केलं, टाकासुद्धा दिसत नाही."

बुधवारी ती डॉक्टरीणबाईंना भेटून आली. शनिवारी एक जण मांजर घेऊन येतील, त्यांच्यासमोर बोक्याचा विषय निघाला नाही तर बरं, असं म्हणाली. डॉक्टरीणबाई हात पुसत होत्या. "मी विषय काढणार नाही. पण त्याने विचारलं, तर खोटंही बोलणार नाही. मांजर राहिली असेल, तर पोटावर हात ठेवला की कळेल मला. आणि मग तो पहिलं विचारेल ते हेच."

गुरुवारी तो तिच्या दवाखान्यात आला. कान तपासून घ्या, असं तीच त्याच्या मागे लागली होती. दुकानात डबे घुसळणारं यंत्र दिवसभर डोक्याशी खडखडत असतं, आणि डाव्या बाजूने बोललेलं त्याला दोनदा सांगावं लागतं, हे तिने हेरलं होतं. तिने त्याला काचेपलीकडच्या लहान खोलीत बसवलं. भिंतींना जाड स्पंज. आत वारा नाही, रस्ता नाही, काहीच नाही. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. मग काचेच्या अलीकडे तिच्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. अगदी बारीक असला तरी दाबा, पण ऐकू आला नसेल तर उगीच दाबू नका, असं तिने सांगितलं. सगळ्यांनाच सांगायची.

उजवा कान उत्तम निघाला. डाव्याला वरच्या पट्टीतले काही आवाज कमी ऐकू येत होते. तो डोळे मिटून, शाळेतल्या शहाण्या मुलासारखा बसला होता. तपासणी संपली होती. तिने त्याला बाहेर बोलवायला हवं होतं. त्याऐवजी तिने माईकचं बटण दाबलं.

"अजून थोडं राहिलंय," ती म्हणाली. "ऐकू आलं, की दाबा."

हिरवा दिवा.

"फौजदाराचं ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही."

काही क्षण गेले. दिवा लागला.

"ते तीन वर्षांपूर्वीच झालं होतं. वडिलांनी केलं होतं. मला माहीत नव्हतं. पिल्लं त्याची नाहीत."

दिवा. आता त्याने डोळे उघडले होते, पण ती काचेकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती.

"पिल्लं टाकीवरच्या काळ्याची आहेत. गोधडीला कोंडून ठेवायला डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. ती पुन्हा राहिली असावी. मी पाहिलं त्यांना... पंचवीस दिवसांपूर्वी."

दिवा लागला नाही.

"पिल्लं माझी नाहीत म्हटलं, की तुम्ही यायचं थांबाल, असं वाटलं," ती म्हणाली. एवढं बोलून तिने दिव्याकडे न बघताच माईक बंद केला.

तो बाहेर आला. हेडफोन तिच्यासमोर नीट ठेवला, वायरची गुंडाळी करून.

"एक दार होतं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "एक दार लावायचं होतं. तुम्ही नुसतं म्हणाला असता, तरी लावलं असतं."

आणि गेला.

गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवारची सकाळ, शुक्रवारची संध्याकाळ. जिन्यावर पाय वाजत होते, नेहमीपेक्षा जास्तच वाजत होते. पहाटे वर, मग खाली, पुन्हा वर. पण तिच्या मजल्यावर ते थांबत नव्हते. तिने दोनदा दार उघडायला कडीला हात घातला आणि दोनदा काढून घेतला. नारिंगी पिल्लं तिच्या मागे मागे, ही खोली, ती खोली. शेवटी ती वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. तिथून उठावंसं वाटलं नाही, म्हणून मग बसूनच राहिली.

शनिवारी सकाळी दार वाजलं. तो उभा होता. हातांवर ओरखडे, एक हनुवटीवरही. एका हातात गोधडीची टोपली, आणि पायाशी तिचाच पिंजरा, वर चादर टाकलेला. चादरीखालून अतिशय वाईट भाषेत कुणीतरी बोलत होतं.

"काळ्या?" तिने विचारलं.

"दोन दिवस लागले. गच्चीवर तुमचा पिंजरा सापडला, आत मी आणलेल्या माशाचे काटे. नुसता मासा ठेवून तुम्ही निघून जात असणार. समोर बसावं लागतं. त्याला वाटलं पाहिजे, की हा आपलाच माणूस आहे." त्याने टोपली तिच्यापुढे केली. "ही तुम्ही धरा. हलकी आहे. म्हणजे... एवढीही हलकी नाही."

दोघं चालू लागले. वाऱ्याने पिंजऱ्यावरची चादर सारखी उडत होती, आणि दर दहा पावलांवर थांबून तो ती खोचत होता. 

"मला राग आला होता," मग तो म्हणाला. "आहे अजून थोडा. पण पिंजऱ्यासमोर बसलं की विचार करायला वेळ मिळतो. फौजदार बाप आहे, हे ठरवलं कुणी? मी. मीसुद्धा पाठच पाहिली. शेपूट उचलून नाही पाहिलं."

"तो उचलू देत नाही."

"तेच म्हणतोय." थोडं चालून त्याने विचारलं, "वडिलांनी का नाही सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं असतं, तर रविवारी कशावरून भांडलो असतो?" ती म्हणाली. हे तिने आजवर कुणाला, स्वतःलासुद्धा, असं उघड सांगितलं नव्हतं. "आमच्या घरात हे असंच आहे. करायचं ते करतो. बोलत नाही."

"परवा बोललात की. पाच वेळा दिवा लावायचा होता."

"तीनच लागले. तिसऱ्यानंतर तुम्ही दाबलंच नाहीत."

"पाचवा दाबला होता," तो म्हणाला. "तुम्ही बघत नव्हता. त्याआधी चौथ्याला नाही दाबला. तो ऐकायचा नव्हता मला." मग पिंजरा या हातातून त्या हातात घेत, रस्त्याकडे बघत तो म्हणाला, "एक मात्र बरं झालं. म्हणजे आपण व्याही नाही."

तिच्या चालण्यात एक पाऊल चुकलं. टोपलीतून गोधडीने निषेध नोंदवला.

डॉक्टरीणबाईंनी गोधडीच्या पोटावर हात ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीने असं पाहिलं, की दोघांच्याही माना खाली गेल्या. राहिलीये, म्हणाल्या. तीन तरी असावीत, कदाचित चार. अंगात रक्त कमी आहे. आत्ता पोट उघडायचा धोका मी घेणार नाही. चांगलं खायला घाला, औषध देते. बाळंत होईल, पिल्लांचं दूध सुटेल, त्याच आठवड्यात इकडे आणायची. तोवर खिडकीची फटसुद्धा उघडी दिसता कामा नये. हे सगळं बोलून झाल्यावर त्यांनी चादर उचलली, काळ्याने फिस्कारून स्वागत केलं, आणि त्या पहिल्यांदाच खूश झाल्या. "हा आणलात ते मात्र उत्तम केलंत."

काळ्याला आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघं बसली, मधे गोधडीची टोपली. समोरच्या भिंतीवर जंतांचं एक मोठं चित्र होतं. दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

"ही सगळी माझी," ती म्हणाली. "या खेपेची. तीन होवोत, चार होवोत. बाळंतपणही माझ्याकडे. मी रजा घेते. मावशींना मी सांगेन, काय झालं ते, सगळं."

"निम्मी नाही?"

"नाही. ही खरंच माझ्यामुळे आहेत."

त्याने मान डोलावली. वाद घातला नाही, समजूतही काढली नाही, याचं तिला बरं वाटलं. टोपलीच्या झाकणातून त्याने एक बोट आत घातलं. आत गोधडीने ते हुंगलं असावं, कारण तो जरा हसला.

"मग पंचाईत आहे," तो म्हणाला. "सगळी तुमची, तर मी खाली यायचं ते कशाचं निमित्त करून?"

ती चित्राकडे बघत राहिली. आतून कात्र्या-चिमटे ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. दार वाऱ्याने एकदा हललं, थांबलं. पाय हलवत बसायची तिची सवय होती, ते आता जमिनीवर नुसते टेकलेले होते.

"निमित्त नको," ती म्हणाली. "तू ये."

त्याचं बोट झाकणातच राहिलं.

"डाव्या कानाने ऐकलं मी," तो हळूच म्हणाला. "परत सांग."

"तू ये. रोज ये. मला आवडतोस तू."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढत बाकाकडे, मग तिसरं कुणी आहे का म्हणून पलीकडे पाहिलं.

"काळ्या बोक्याचे नातेवाईक कोण?"

दोघंही एकदम उभी राहिली.